पहिल्यांदाच गेमिंग पीसी अपग्रेड करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मुलांच्या हाती येणारा पहिला पीसी बऱ्याचदा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला असतो. डेल किंवा एचपीचं सडपातळ कॅबिनेट, इंटेलचा फोर्थ जनरेशनचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. शाळेचा प्रोजेक्ट, यूट्यूब, जुना जीटीए, सगळं त्यावर निभतं. मग एखादा नवा गेम अडखळायला लागतो आणि घरात ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या पार्टचा विषय निघतो, "कार्ड घालूया की." पैसे वाया जायला इथूनच सुरुवात होते, कारण मशीन नेमकं कशामुळे अडतंय हे तोवर कुणी बघितलेलंच नसतं.

ते बघायला एक रुपयाही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्ड आणि प्रोसेसरचे आकडे दिसतील असं लावून घ्या. कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे सतत राबत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आरामात आहे आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) तरी कमी, तर बहुधा प्रोसेसर दमलाय. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. तो ४० टक्के दाखवत असतो, पण एकच कोर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) शंभरला टेकलेला असतो, म्हणून प्रत्येक कोर वेगळा बघा. याहून सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढला नाही तर नवं कार्ड घालूनही वाढणार नाही. व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळणाऱ्यांनी हे करूनच बघावं, कारण हे दोन्ही गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात.

"आय-७ आहे" एवढ्यावर भुलू नका

सेकंडहँड मशीन दाखवताना दुकानात "आय-७ आहे, १६ जीबी हाय, सगळं चालतंय घे की" असं हमखास ऐकू येतं. कुठला आय-७, ते विचारा. आय-७ २६०० हा २०११ चा, तर आय-३ १२१०० हा २०२२ चा. दोघांनाही ४ कोर आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), तरीही गेममध्ये नवा आय-३ त्या आय-७ ला कितीतरी मागे टाकतो. नंबरातले शेवटचे तीन आकडे झाका, उरतं ते जनरेशन: ४५७० म्हणजे चौथी, १२४०० म्हणजे बारावी.

जनरेशन बघायला आता आणखी एक कारण जोडलं गेलंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. अशा वेळी चौथ्या जनरेशनच्या मशीनवर महागडं कार्ड घालणं मला पटत नाही. तेच पैसे राखून ठेवा आणि पुढे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम एकदम बदला.

एसएमपीएस: सगळ्यात मोठी चूक इथेच होते

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. यावर जरा सविस्तर बोलायला हवं. आपल्या भागात कार्डं जळतात, मशीनं मधेच बंद पडतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या डब्यात असतं. तरी बजेट ठरवताना त्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असं काही छापलेलं असेल. ते सोडा. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथला अँपिअरचा आकडा १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर हाती आले १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांनाही मुख्यतः याच रकान्यातून वीज मिळते. आता हिशेब करा: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ३०६० ला १७०. वर प्रोसेसर, पंखे, डिस्क. १९२ मध्ये हे बसत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर तर असं कार्ड लावूच नका. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो, याचा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतलात तर या तिन्हींपैकी कुठलंही कार्ड बिनघोर चालेल आणि पुढच्या मशीनलाही तोच लावता येईल.

डेल-एचपीच्या ऑफिस मशीनमध्ये अडचण वेगळी आहे. कित्येक मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतोच, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. सडपातळ कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही आत मावत नाही. अशा मशीनला मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवणारं लो-प्रोफाइल, म्हणजे बुटकं कार्डच चालतं. जीटीएक्स १६५० किंवा २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ही त्यातली नावं, पण तीही वेगळी वायर न लागणारी आणि बुटकी बघूनच घ्या.

घरातल्या लाईटकडेही बघा. खानापूर भागात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते-येते ते वेगळं सांगायला नको. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांच्या गल्लीत किंवा उद्यमबागच्या कारखान्यांच्या आसपास राहत असाल तर आधी व्होल्टेज तपासून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक ३६० वॅटच. मॉनिटर धरून भार त्याच्या बराच आत हवा. काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या विजेच्या ओबडधोबड वेव्हवर (लहरीवर) लाईट जाताक्षणी बंद पडतात, तेव्हा दोन्ही एकमेकांशी जमतात का हे दुकानातच विचारून घ्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणतो? मशीन खराब आहे असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरची थोडी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायची असते. तार नसली की ती पत्र्यावर साठते आणि निम्म्या व्होल्टेजच्या आसपास दाब दाखवते. जुन्या वाड्यांत, कौलारू घरांत हे सर्रास आहे. टू-पिनचा जुगाड काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पार्ट त्यानंतर घ्या.

रॅम घेताना

डीडीआर ३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळी असते. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या आणि बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाला कळतही नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच चांगली डीडीआर ४ रॅम आहे त्यांनी डीडीआर ५ च्या मागे धावू नये. एएमडीचा बी४५० बोर्ड असेल तर रायझन ५ ५६०० प्रोसेसर घालून तेच मशीन आणखी काही वर्षं चालवता येतं. फक्त जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बायोस अपडेट करा, तोही यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच हातचा जाऊ शकतो.

एसएसडीने एफपीएस वाढत नाही. गेम उघडायचा वेळ मात्र खूप कमी होतो. अजून हार्ड डिस्कवर असाल तर कार्डाआधी एसएसडी घ्या.

कोल्हापूर, हुबळी की बेंगळुरू?

महाराष्ट्रात टॅक्स कमी म्हणून कोल्हापुरातून आणावं, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून त्यात अर्थ उरलेला नाही. कॉम्प्युटरच्या पार्टला दोन्हीकडे १८ टक्केच. फरक पडतो तो दुकानदाराच्या भावात आणि वॉरंटीच्या धावपळीत. पार्ट बिघडला तर सर्व्हिस सेंटरला दुकानदार पाठवणार की तुम्ही, हे पैसे देण्याआधी विचारा. सिरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल घ्या. बेळगावातच दोनशे-चारशे जास्त पडले तरी मी गावातलं दुकान निवडेन, कारण बिघडलेलं कार्ड घेऊन एसटीने कोल्हापूर किंवा हुबळी गाठणं त्याहून महाग पडतं.

सेकंडहँड कार्डाच्या बाबतीत जास्त सावध राहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं) बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली. आरएक्स ५८० म्हणून २०४८एसपी हे कमी ताकदीचं मॉडेलही विकलं जातं. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे कोर) असतात. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, तिथेच चालवून बघा. जुन्या चिपला नवं नाव दिलेलं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेड सहसा नावापुढे 'फेक' असंच लिहून दाखवतं. मग अर्धा तास गेम चालवा. रंगीत ठिपके, पंख्याचा खडखडाट, गरम होऊन बंद पडणं यातलं काहीही दिसलं तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

नवीन कार्ड लावलं आणि चित्रच नाही

आधी मॉनिटरची वायर बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला राहिलेली असते आणि कार्ड नुसतं बसून असतं. मग कार्डाची ६ किंवा ८ पिनची वायर टक् आवाज येईपर्यंत बसलीय का ते तपासा. रॅम काढून परत लावा. खूप जुन्या बोर्डांवर नवी कार्डं बायोस अपडेटशिवाय चित्र देत नाहीत. चित्र आलं पण गेम ६० एफपीएसच्या वर जातच नाही आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ वर करा. एवढं करूनही पडदा काळाच राहिला तर तेच कार्ड मित्राच्या मशीनवर लावून बघा. तिथेही चाललं नाही तर बिल आणि खोका घेऊन थेट दुकान गाठा.