तलावातली बुरशी तिळावर कशी धरायची

ठाण्यात चरईतल्या आमच्या घरापासून मासुंदा तलाव पाच मिनिटांवर. तलावपाळीला लोक हवा खायला येतात, मी काठाशी अडकलेलं कुजकं पान बघायला जातो. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होतो, तिथली खोड. दर हिवाळ्यात पोरांसाठी ‘पाण्यातली बुरशी’ धरून ठेवायचं काम माझ्याकडे असे. ते घरीही जमतं.

करायचं ते डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात हट्टाने केलंत तर बॅक्टेरिया बाजी मारतात, हाती नुसता वास येतो.

पाणी तलावाच्या मधलं स्वच्छ नको. उपवनला किंवा मासुंद्याला काठाशी जिथे पानं साठतात, तिथलं अर्धी बाटली पाणी, दोन कुजकी पानं आणि चमचाभर गाळ घ्या. काठीला डाव बांधून घ्या, पाण्यात उतरू नका. हाताला जखम असेल तर दुसऱ्याला पाठवा; साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा लेप्टोचा ताप काय असतो ते ठाणेकरांना सांगायला नको.

घरी आल्यावर गाळ चहाच्या जुन्या गाळणीत धुवा. गाळणीत लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या उरतील. मत्स्यालयवाले ज्यांना ब्लडवर्म म्हणतात, त्याच या. चिलटासारख्या, पण न चावणाऱ्या माशीची ही पोरं. तळाच्या गाळात प्राणवायू कमी, म्हणून यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. एखादी मेलेली सापडली तर बाजूला ठेवा, कामाला येईल.

आता आमिष. पुस्तकात भांगेचं बी लिहिलेलं असतं. ते शोधत फिरू नका, पांढरे तीळ चालतात. पाच मिनिटं उकळा, म्हणजे ते रुजणार नाहीत आणि दुकानातून आलेली बुरशीही मरेल. पसरट डबीत बोटभर पाणी घ्या, निम्मं तलावाचं, निम्मं उकळून गार केलेलं. नळाचं थेट घालू नका, त्यात क्लोरीन असतं. पानाचा तुकडा, चिमूटभर गाळ आणि पाच-सहा तीळ टाका. दुसऱ्या डबीत ती मेलेली अळी. झाकण नुसतं टेकवा. पहिल्या वर्षी मी ते घट्ट लावलं होतं. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा अख्खी लॅब व्हरांड्यात.

पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिळाभोवती पांढरी झालर येते, पिंजलेल्या कापसासारखी. अळीवर तर बहुतेक आधीच. इथे घाई करू नका. झालर आलेला तीळ चिमट्याने उचला, उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यात दोनदा बुडवा आणि तशाच ताज्या पाण्यात ठेवा. खाणं तुटलं की ती पिल्लं सोडायच्या मागे लागते. सकाळी बघा.

मायक्रोस्कोपचं दहापटीचं भिंग पुरतं. तंतूंना आडवे पडदे नसतात, सरळ नळीच. टोकं गदेसारखी फुगलेली (हेच बीजुकांचे कोश) आणि आत दाणेदार काळपट. नशीब असेल तर डोळ्यांदेखत टोक फुटतं आणि दाणे बाहेर पडतात, म्हणजे पोहणारी बीजुकं. पाण्यातल्या या बुरशीचे दोन प्रकार इथे ओळखता येतात: बीजुकं लगेच पांगली तर सॅप्रोलेग्निया. तोंडाशीच गोळा होऊन मोत्यांच्या घोसासारखी थांबली तर अक्लिया. सॅप्रोलेग्नियात रिकाम्या कोशाच्या आतूनच दुसरा कोश वाढतो, पेल्यात पेला ठेवावा तसा. हे दिसलं की पोरं गप्प व्हायची. (एकदा मी टॉवेलचा धागा लावून ठेवला होता. अर्ध्या वर्गाने त्याची सुबक आकृती काढली.)

हिला बुरशी म्हणतो खरं, पण ती बुरशी नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं (कोळंबीच्या सालात असतं तेच), हिच्यात सेल्युलोज. नातं तपकिरी शेवाळाशी आणि डायॅटम या एकपेशी शेवाळाशी. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा बुडवणारा करपाही याच घराण्यातला.

खरी बुरशी हवी असेल तर कोळंबीचं साल उकळून, स्वच्छ घासून त्याच पाण्यात टाका आणि आठवडाभर थांबा. कायट्रिड नावाच्या, कायटिन खाणाऱ्या सूक्ष्म बुरश्या त्यावर येतात. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, कडेशी बारीक गोल फुगे मायक्रोस्कोपखालीच शोधावे लागतात. त्यांच्या बीजुकाला मागे एकच शेपूट, सॅप्रोलेग्नियाच्या बीजुकाला दोन.

लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात ठेवून जाळी केली असेलच. तीही यांचीच करणी. बुरशी आणि बॅक्टेरिया पान मऊ करतात, मग तळातल्या अळ्या आणि गोगलगायी ते खरवडतात. कोरडं ठक्क पान त्यांच्यापुढे टाकलंत तर फारसं तोंड लावत नाहीत. म्हणून गाळाबरोबर पान आणा म्हटलं.

झालं की डबीत उकळतं पाणी ओता आणि मग मोरीत टाका. घरात माशांची टाकी असेल तर ती डबी, चिमटा, गाळणी तिच्या जवळपास नेऊ नका. माशाचं खवलं कुठे खरचटलेलं असेल तर सॅप्रोलेग्निया तिथेच बसते. आणि ती गाळणी पुन्हा चहाला नाही.