रब्बी सल्ला : सामाईक विहीर, दिवस-रात्रीची वीज आणि गव्हाची चार पाणी

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बागायती गहू पेरणाऱ्या आणि विहीर भावकीत सामाईक असणाऱ्या शेतकऱ्यांनी पेरणीचा दिवस ठरवण्यापूर्वी शाळेतला लसावि एकदा कागदावर मांडून पाहावा.

विहिरीचे चार वाटेकरी असून प्रत्येकाची पाळी चौथ्या दिवशी येते, आणि फिडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) पंपाची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री मिळते, असे धरू. विजेचे चक्र १४ दिवसांचे झाले. ४ आणि १४ यांचा लसावि २८, म्हणजे पाळी आणि वीज यांचा मेळ दर २८ दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखा जुळतो. या २८ दिवसांत प्रत्येकाच्या ७ पाळ्या येतात. दिवसाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू झाली, तर पहिल्या व तिसऱ्या वाटेकऱ्याला ४ पाळ्या दिवसा आणि ३ रात्री मिळतात. दुसऱ्याला व चौथ्याला नेमके उलटे. वाटणी सरळ दिसते, पण थंडीत बॅटरी घेऊन दारे धरायला (रानात पाणी वळवायला) कायम तेच दोघे जास्त जातात. तीनच वाटेकरी असते, तर लसावि ४२ आला असता आणि प्रत्येकाला ७ दिवसा, ७ रात्री अशी बरोबर पाणी मिळाली असती.

गव्हाला मुकुटमुळे फुटताना १८ ते २१, कांडी धरताना ४० ते ४५, फुलोऱ्यात ६० ते ६५ आणि दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी पाणी द्यावे. सरसकट २१ दिवसांचे अंतर धरल्यास २१ आणि १४ यांचा लसावि ४२ येतो, त्यामुळे एक पाणी दिवसा तर पुढचे रात्री, असेच चालत राहते. शिवाय २१ ला ४ ने भाग जात नसल्याने पहिलेच पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी पाळीत जाते.

त्याऐवजी पहिल्या किंवा तिसऱ्या वाटेकऱ्याने दिवसाच्या आठवड्याचा पहिला दिवस आणि स्वतःची पाळी एकत्र येईल तेव्हा पेरावे, तो दिवस शून्य धरावा आणि २०, ४४, ६० व ८४ व्या दिवशी पाणी द्यावे. चारही आकड्यांना ४ ने भाग जातो, म्हणजे पाळी आपलीच. १४ ने भागल्यावर बाकी ० ते ६ उरली तर आठवडा दिवसाचा, ७ ते १३ उरली तर रात्रीचा; इथे बाकी ६, २, ४ आणि ० उरते, म्हणजे वीज दिवसाची. दुसऱ्या व चौथ्या वाटेकऱ्याला हा योग येत नाही, कारण पहिल्या वाटेकऱ्याचा पहिला दिवस शून्य धरला तर त्यांच्या पाळ्या विषम दिवशी येतात आणि १४ हा सम आकडा त्या दिवसांना गाठतच नाही. त्यांनी रात्रीच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आपली पाळी असताना पेरल्यास याच अंतराने पहिली तीन पाणी दिवसा बसतात, शेवटचे मात्र रात्री द्यावे लागते.

हंगामात पाळीचा क्रम मोडू नये. गहू निघाल्यावर विहिरीला एक दिवस विसावा देऊन पाळी पुन्हा सुरू करावी, म्हणजे जास्तीची रात्र दुसऱ्या जोडीकडे जाईल. फिडरचे वेळापत्रक मध्येच बदलले, तर त्या दिवसापासून बाकी नव्याने मोजावी.