ऑल-इन-वन ब्रूइंग मशीन स्वतः बनवताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात एखादं स्टीलचं भांडं बनवून घेणं ही अडचणच नाही, उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरा, लेथ आहे, बेंडिंग आहे, आर्गन वेल्डिंगवाला आहे. अडचण पुढं सुरू होते. एकाच टाकीत बिअरसाठीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भिजवायचं, तिथंच रस गाळायचा, तोच उकळायचा आणि तिथंच थंड करायचा, असं मशीन करायला घेतलं की बहुतेक जण सगळ्यात आधी तापमान सांभाळणारा कंट्रोलर विकत घेतात, मोठ्या डिस्प्लेचा, वायफायवाला, आणि मग तापमान हलतंय, खाली करपतंय, पंप ओढत नाही म्हणून परत त्या कंट्रोलरच्याच मागं लागतात. कंट्रोलर बिचारा सेन्सर सांगेल तेवढंच बघतो. या मशीनचे निम्म्याहून जास्त आजार रस नीट फिरत नाही म्हणून होतात, त्यामुळं आधी फिरणं, मग तापमान, मग बाकीचं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणं परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, घरी प्यायला थोडीशीच केली तरीसुद्धा. परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीला छोट्या ट्रायल बॅचसाठी असं मशीन फार उपयोगी पडतं, आणि यीस्ट न टाकता नुसतं माल्टचं गोड पेय करायचं असेल तर तेही यात झकास होतं. यीस्ट पडायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क खात्यात जाऊन नीट विचारा, मशीन तोवर कुठं पळून जात नाही.

आता मुख्य विषय, बास्केट तुंबणं. माल्ट भरलेल्या जाळीच्या बास्केटमधून रस खाली उतरायला वेळ लागतो, पंप मात्र खालून ओढून वर टाकतच असतो, मग वर रस साचत जातो, खालची पातळी उतरते आणि एलिमेंट (रस तापवणारा रॉड) उघडा पडतो. उघडा पडलेला एलिमेंट म्हणजे एक तर करपलेला वास नाहीतर थेट एलिमेंटच गेला. हे होऊ नये म्हणून बास्केटच्या मधोमध ओव्हरफ्लो पाइप पाहिजेच, आणि टाकीला बाहेरून लेव्हल ट्यूब लावा म्हणजे खालची पातळी डोळ्याला दिसते. पातळी उतरायला लागली की एलिमेंट बंद, पंप बंद, दहा मिनिटं शांत बसू द्या, माल्ट हलक्या हातानं ढवळा आणि मग पंप एकदम हळू सुरू करा. पाच किलो माल्टच्या बॅचला मिनिटाला तीन-चार लिटर खूप झालं, पूर्ण जोरात पंप मारला की माल्टचा थर दाबून घट्ट बसतो आणि मग काही केल्या सुटत नाही.

तुंबण्याचं दुसरं कारण दळण. गल्लीतल्या चक्कीवाल्याकडून भरड काढून आणतात, पण दगडाच्या चक्कीत साल फाटते आणि पीठही भरपूर पडतं. आपल्याला साल अख्खी हवी आणि आतला दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटलेला, ते काम रोलर मिलचं, दोन रोलमध्ये सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून. तरीही तुंबत असेल तर राइस मिलमधून स्वच्छ भाताचं तूस आणा, धुऊन मूठ-दोन मूठ माल्टमध्ये मिसळा. आजरा, गगनबावडा भाताचाच पट्टा आहे, तूस मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

सेन्सर कुठं लावायचा यावर पोरं तासन् तास वाद घालतात. एलिमेंटच्या शेजारी लावला तर तो लगेच गरम दाखवतो आणि वरचं माल्ट मागंच राहतं. पंपाच्या आउटलेटला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून लावला तर रीडिंग खरं मिळतं, मी तोच प्रकार सांगेन, पण त्यात एक धोका आहे आणि तो कोणी सांगत नाही. पंप बंद पडला की नळीतला रस गार होत जातो, कंट्रोलरला वाटतं तापमान पडलं, तो एलिमेंट पूर्ण जोरात चालू ठेवतो, आणि खाली टाकीत सगळं करपतं. म्हणून फ्लो स्विच लावा, पंपातून रस वाहत असेल तरच एलिमेंटला करंट, नाहीतर नाही.

कोल्हापूरवाल्यांनी खास लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे आपल्याकडं पाणी १०० डिग्रीला उकळत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं पाणी ९८ च्या जवळपासच उकळायला लागतं. उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून ऑफसेट (रीडिंगमधली दुरुस्ती) टाकून डिस्प्लेवर १०० केलं की तुमचं सगळं गणित दोन डिग्रीनं सरकलं, स्क्रीनवर ६६ दिसत असेल तेव्हा आत खरं ६४ असणार. आणि मॅशमध्ये, म्हणजे माल्ट भिजवताना, दोन डिग्रीनं बराच फरक पडतो, ६४ ला यीस्टला खाता येणारी साखर जास्त होऊन बिअर पातळ आणि कोरडी होते, ६८ ला अंगानं भरलेली. सेन्सर तपासायचा तर बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून शून्यावर तपासा.

याचाच दुसरा परिणाम उकळताना दिसतो. सेट पॉइंट १०० ठेवला तर तो कधी गाठलाच जात नाही, कंट्रोलर पॉवर कमीच करत नाही, फेस वर येतो आणि सगळा ओटा चिकट होतो. गुऱ्हाळावर काहिलीतला रस वर यायला लागला की जाळ कमी करतात आणि मळी काढत राहतात, इथंही तसंच करायचं, ९५ च्या पुढं मॅन्युअल मोडवर येऊन पॉवर टक्क्यांत कमी करा आणि फेस बसेपर्यंत तिथून हलू नका. टाकी पण मोठी घ्या, वीस लिटरच्या बॅचला ३५ लिटरची. पाच किलो माल्ट स्वतःच तीन-साडेतीन लिटर जागा खातं आणि जवळपास पाच लिटर पाणी पिऊन बसतं, हे पाण्याच्या हिशोबात धरा.

एलिमेंटसाठी साधा गिझरचा घेऊ नका. थोड्याच जागेत खूप उष्णता सोडतो, खाली बसलेलं पीठ त्याला चिकटतं आणि जळतं. लांब, वळणं घेतलेला, प्रति चौरस सेंटीमीटर सात-आठ वॅटच्या आतला स्टीलचा एलिमेंट मागा. आणि तापायला जास्त वेळ लागला म्हणून लगेच एलिमेंट बदलू नका, आधी व्होल्टेज मोजा. २३० चा तीन किलोवॅटचा एलिमेंट २०० व्होल्टवर जेमतेम २२७० वॅट देतो.

वायरिंगमध्ये काटकसर अजिबात नको, इथं पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत. तीन किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, त्याला १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, किमान अडीच एमएमची वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). एसएसआरला (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हीट सिंक लावाच. एसएसआर बिघडला की बरेचदा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे कंट्रोलर बंद दाखवतो आणि एलिमेंट तापतच राहतो, म्हणून पुढं एक कॉन्टॅक्टर (लाइन तोडणारा मोठा रिले) आणि हाताला लागेल असा मेन स्विच पाहिजे.

स्टील ३०४ च घ्या. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, २०२ लाही ते चिकटत नाही, टेस्टिंग लिक्विडनं तपासून घ्या. आर्गनवाल्याला आतूनही गॅस सोडायला सांगा, नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूला काळा खडबडीत थर येतो, त्यात घाण बसते आणि पुढं गंज धरतो. लोखंडावर वापरलेला ग्राइंडरचा डिस्क आपल्या टाकीला लावू देऊ नका. व्हॉल्व्ह थ्री-पीस (तीन भागांचा) घ्या, पूर्ण उघडून धुता येतो. ट्राय-क्लॅम्पच्या (क्लॅम्पनं जोडायच्या) फिटिंग शोधत फिरायची गरज नाही, दूध डेअरीचं सामान विकणाऱ्याकडं मिळतात.

पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचा, १०० डिग्री सहन करणारा, आणि टाकीच्या खालच्या पातळीला बसवा. कूलरचा पंप आणि पीव्हीसी नळी चालणार नाही, सिलिकॉनचीच नळी लावा. वेग कमी करायचा तर आउटलेटचा व्हॉल्व्ह दाबा, इनलेटचा दाबला की पंपात हवा धरते आणि तो नुसता खडखडतो.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी कोमट असतं, त्यावर रसात बुडवलेली कॉपर कॉइल कितीही वेळ चालवली तरी रस त्या पाण्यापेक्षा गार होत नाही. ४० डिग्रीपर्यंत नळाचं पाणी, मग बादलीत बर्फ टाकून तेच पाणी छोट्या पंपानं कॉइलमधून फिरवा.

धुताना ब्लीच नको, क्लोरीनमुळं स्टीलला टाचणीएवढी भोकं पडतात, सोडियम परकार्बोनेट गरम पाण्यात टाकून पंपानं वीस मिनिटं फिरवा आणि मग साध्या पाण्यानं धुवा. उरलेलं माल्ट म्हैस असलेल्या शेजाऱ्याला त्याच दिवशी द्या, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ते आंबतं.