सभा घेऊन राहिले, पण समजून कोणाले राहिलं? या चुका टाळा

दर हंगामात यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत नवीन पोरं येतात, कोणी कृषी खात्याची, कोणी संस्थेची, कोणी कंपनीची. कास्तकारांच्या सभा घेतात, फोटो काढतात, निघून जातात. पोरं हुशार असतात आणि माहितीही बरोबर असते, पण सांगायच्या पद्धतीत दरवर्षी तेच घोळ.

पहिला आणि माझ्या डोक्यात जाणारा घोळ म्हणजे आकडा आपल्या मापात सांगायचा. खताची शिफारस हेक्टरी, म्हणजे अडीच एकराला असते, कास्तकार एकरात बोलतो. शिफारस नत्राची (नायट्रोजनची) असते, तो घरी आणतो युरियाची बॅग. मधला हिशेब कोणी करायचा? एका गावात मंदिराच्या सभामंडपात सभा होती, साहेबांनी पडद्यावर ‘नत्र ५० किलो प्रति हेक्टर’ दाखवलं, "समजलं का?" विचारलं, सगळे म्हणाले "हो जी". नंतर पानठेल्यावर मी सहज विचारलं, एकरी युरिया किती टाकता? एक काकाजी म्हणे २० किलो, म्हणजे हेक्टरचे एकर केले पण नत्रालाच युरिया समजले. दुसरा सायन्सचा पोरगा, युरियात ४६ टक्के नत्र असतं हे त्याले पाठ, पण हेक्टर विसरला आणि अडीच बॅगांवर जाऊन बसला. तिसरा म्हणे, "पन्नास किलो म्हंजे एक बॅग, त्यात काय इचारता राजेहो?" आता गंमत अशी की उत्तर एक बॅगच आहे, कारण ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो नत्र येतं आणि एकराला २० च लागतं. याने दोन्ही चुका केल्या आणि त्या एकमेकींना कापून गेल्या. बॅग २०१८ मध्ये ५० ची ४५ झाली हेही त्याच्या गावी नव्हतं. एका सभेतून तीन उत्तरं, अन् हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्या!

मी पीपीटी नेतच नाही. भिंतीवर खडूने लिहितो: एक एकर, इतक्या बॅगा, पेरणीला किती अन् नंतर किती. डीएपी हे दुसरं खत टाकणार असाल तर त्यातलं १८ टक्के नत्र वजा करून. आणि "समजलं का?" हा प्रश्न तर बंदच करा बाप्पा, त्याला "हो" शिवाय उत्तर नसतं. मी एखाद्या भाऊला उभं करतो आणि विचारतो, उद्या सालदाराला (वर्षभराच्या गड्याला) काय सांगशील? तो बोलायला लागला की माझं कुठे चुकलं ते दोन मिनिटांत बाहेर येतं. नवीन पोरांना यात वेळ जातो वाटतं. जाऊ द्या ना, पुढच्या गावाला उशिरा पोहोचाल.

फवारणीचं प्रमाण १० लिटर पाण्याला सांगता, पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा. पंपालाच सांगा, आणि औषध झाकणाने नाही, मापाने मोजायला लावा.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी असं बोलू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो, शून्य होत नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, इथे कोणी विसरलेलं नाही.

५ टक्के निंबोळी अर्क? १०० लिटरला ५ किलो निंबोळीचा भुगा म्हणा ना.

आता दुसरी मोठी चूक, शंभर टक्क्यांची भाषा. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेला, २००२ ला आला, दोन जनुकांचा २००६ ला, आणि कितीतरी सभांत छातीठोक सांगितलं गेलं की बोंडअळीचं टेन्शन संपलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. आता त्याच गावात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा म्हटलं की मागून आवाज येतो, "तवाबी तुम्हीच सांगत होते." मग काय बोलाल? म्हणून उपाय सांगतानाच तो कधी चालणार नाही तेही सांगायचं. सापळा अळी संपवायला नाही, पाहणीसाठी आहे, एकरी दोन लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचं बघा, आणि सापळा रिकामा दिसला तरी डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) तपासणं सोडू नका. असं सांगितलं की टाळ्या कमी पडतात, पण पुढच्या वर्षी लोक फोन उचलतात.

आणि चाळीस पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकून ‘माहिती दिली’ असं रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्यांनी ती आधी स्वतःच्या फोनवर, भर उन्हात वावरात उभं राहून वाचून पाहावी.