गाडीला वॅक्स करताना या चुका टाळा

वॅक्स केल्यावर गाडीवर बारीक ओरखडे उमटले, अशी तक्रार कुणी केली की मी आधी विचारतो, रोज गाडी कोण पुसतं आणि कशाने पुसतं? कारण पत्र्याचं बहुतेक नुकसान वॅक्सचा डबा उघडण्याआधीच झालेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधलं सकाळचं चित्र आठवा. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-बारा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि फडक्यात अडकलेली माती बोनेटवर गोल गोल फिरत राहते. यात त्या माणसाचा दोष नाही, त्याला पाणीच तेवढं मिळतं. मी आमच्याकडच्या दादांना सांगून ठेवलंय की फक्त काचा आणि आरसे पुसा, पत्र्याला हात लावू नका. पैसे तेवढेच देतो. सहा महिन्यांत फरक दिसला.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. तो कारखान्यात एकदाच चढतो. तुमची सगळी धडपड त्याला वाचवण्यासाठी आहे, चमक हा वरचा फायदा. इथेच पॉलिश आणि वॅक्स यांची गल्लत महागात पडते. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड हा थर घासून थोडा कमी करतं, म्हणून ओरखडे जातात. वॅक्स काहीच काढत नाही, वर एक पातळ आवरण देतं. दर सर्व्हिसिंगला "रबिंग-पॉलिश करून देऊ का?" असं विचारलं जातं आणि आपण चमक बघून हो म्हणतो. प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट जातो, तो परत येत नाही. ओरखडे खरोखर डोळ्यांना खुपत असतील तेव्हाच पॉलिश करा, एरवी वॅक्स पुरे.

धुताना आधी नुसतं पाणी सोडा, माती वाहून जाऊ द्या. मग कार शांपू आणि दोन बादल्या: एकीत फेस, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. भांड्यांच्या लिक्विडने गाडी धुऊ नका, आधीचं वॅक्स उतरायला तेच कारण होतं. वरून खाली या, कारण सगळ्यात जास्त चिखल दारांच्या खालच्या भागात आणि बंपरवर असतो.

धुऊन वाळवली की एक परीक्षा घ्या. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं बोनेटवरून हलके फिरवा. खरखर लागली तर धुऊनही न निघालेले कण तिथे रुतलेले आहेत. रेल्वेलाइनजवळ किंवा बांधकामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर ही खरखर हमखास लागते. त्यावर वॅक्स लावलं तर ते कण आवरणाखाली तसेच राहतात. शांपूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून क्ले बार, म्हणजे असे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्या, त्यात आता वाळू आहे.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: ऊन. कार्नोबा वॅक्स, जे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून निघतं, साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. पण डब्यातल्या वॅक्समध्ये ते मऊ ठेवणारे द्रव असतात आणि तापलेल्या पत्र्यावर ते झटक्यात उडतात. मी एका मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या पार्किंगमध्ये गडद निळ्या गाडीला अख्खं वॅक्स फासलं. पुसायला लागलो तर पांढरे पट्टे जागचे हलेनात, जितकं घासावं तितकं फडकं अडखळत होतं. बोनेटवर तळहात आरामात ठेवता येत नसेल तर वॅक्स लावायचंच नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

असं वॅक्स वाळून बसलं असेल तर जोर लावू नका. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या, मग हातभर जागेवर ताज्या वॅक्सचा पातळ हात द्या आणि लगेच पुसा. नव्यामधला द्रव जुन्याला सैल करतो आणि दोन्ही एकदम निघतात.

दुसरी चूक जाड थराची. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, पुसून फडक्यातच जातं. बोनेटच्या अर्ध्या भागाला बोटाच्या पेराएवढं वॅक्स पुष्कळ होतं. पुसायची वेळ झाली का हे बोटाने बघा: एक रेघ ओढा, स्वच्छ निघाली तर पुसा, फराटा उमटला तर थांबा. कोकणात किंवा पावसाळी दमट हवेत हे थांबणं बरंच लांबतं.

काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागून पांढरं झालं असेल तर शाळेतल्या खोडरबराने घासून बघा, बरंचसं निघतं. पुढच्या वेळी कडेला मास्किंग टेप लावा. पुढच्या काचेवर मात्र वॅक्स अजिबात जाऊ देऊ नका. वायपर फिरले की काचेवर धूसर फराटे येतात, आणि ते कळतं ते पहिल्या पावसात, रात्री, समोरून दिवे येत असताना.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वॅक्सने जात नाहीत. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं ओलं करा, मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. तरीही राहिले तर क्षार थरात उतरलेत, ते काम पॉलिशचं.

दसऱ्याला हळद-कुंकू ओलं करून थेट बोनेटवर लावतो, झेंडूचा हार सेलोटेपने चिकटवतो आणि तो चार-पाच दिवस उन्हात तसाच राहतो. पूजा जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन टाका. माघ-फाल्गुनात मोहोरलेल्या आंब्याखाली गाडी लावली तर चिकटा गळतो, तोही वाळू देऊ नका. नुकतं पेंटिंग झालं असेल तर रंगवणाऱ्याला विचारून निदान महिना-दोन महिने वॅक्सशिवाय जाऊ द्या.

मी वर्षात दोनदा नक्की लावतो, मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर. मध्ये पुन्हा लावायचं का, हे पाणी सांगतं. थेंब गोल उभे राहून घरंगळत असतील तर वॅक्स शाबूत आहे, पाणी चादरीसारखं पसरत असेल तर संपलं. बघायचं असेल तर आधी टपावर बघा, तिथलं सगळ्यात आधी जातं.