बाई, आत येऊ का? : अमेरिकेतल्या प्रेप स्कूलमधली माझी चार वर्षं

"कॉलेजची तयारी करून घेणारी शाळा म्हणजे नेमकं काय गं? क्लास आहे का तो?" आजी ठाण्याहून दर रविवारी फोनवर विचारायची. मी काहीतरी थातुरमातुर सांगायचे. शाळा सोडून आता बरीच वर्षं झाली. हल्ली ओळखीतले आईबाबा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: "मुलीला घालू का? पैसे वसूल होतात का?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी सातवीपर्यंत ठाण्यात, मराठी माध्यमात. २०११ मध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही मॅसॅच्युसेट्सला आलो. आठवी सरकारी शाळेत काढली आणि २०१२ मध्ये नववीला एका खाजगी प्रेप स्कूलमध्ये दाखल झाले. शाळा निवासी होती, पण मी 'डे स्टुडंट', म्हणजे रात्री घरी जाणाऱ्यांपैकी. नाव सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत.

न्यू इंग्लंडमध्ये या शाळा फार जुन्या. अँडोव्हर १७७८ ची, एक्सेटर १७८१ ची. मूळ काम हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांसाठी मुलं तयार करणं. आज निवासी विद्यार्थ्याची वर्षाची फी नावाजलेल्या शाळांत सत्तर हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. डे स्टुडंटची त्याहून बरीच कमी, तरी डोळे फिरवणारी. आम्हाला शाळेची आर्थिक मदत होती, नाहीतर मी आत पाऊलही ठेवलं नसतं.

प्रवेशाचं वेळापत्रक आधी डोक्यात बसवा. सगळी धावपळ आदल्या शरद ऋतूत सुरू होते: एसएसएटी ही खाजगी शाळांची प्रवेश परीक्षा, इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रं, मुलाचे निबंध, पालकांचं निवेदन, मुलाखत. बहुतेक शाळांची मुदत जानेवारीच्या मध्याला किंवा महिनाअखेरीस, निकाल १० मार्चला आणि होकार कळवायचा १० एप्रिलपर्यंत. मी दिली तेव्हा एसएसएटीत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापायचे, त्यामुळे 'काहीतरी टिक करून ये' हा आपला मंत्र तिथे चालायचा नाही. गणित मला सोपं गेलं. समानार्थी शब्दांनी मात्र लोळवलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सहा महिने आधीपासून रोज इंग्रजी वाचायला लावा, यादी पाठ करून काही होत नाही.

आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि तो प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करायचा. इथे आपली माणसं हमखास फसतात. "आधी आत तर जाऊ दे, मग बघू" म्हणून पहिल्या वर्षी मदत मागत नाहीत, आणि पुष्कळ शाळांत नंतर मागणं अवघड होऊन बसतं. मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते ही भीती अगदीच खोटी नाही, कारण बऱ्याच शाळा मदतीचं आपलं बजेट बघतात. अँडोव्हरने मात्र २००७ मध्येच जाहीर केलं की प्रवेश देताना ऐपत बघणार नाही. प्रत्येक शाळेला स्पष्ट विचारा. आणखी एक: प्रवेश देताना शाळा कधीकधी मुलाला तीच इयत्ता परत करायला सुचवतात. आपल्याकडे ऐकताक्षणी 'वर्ष वाया गेलं' असं होतं. तिथे त्याला कुणी नापास म्हणत नाही. आठवी करून परत आठवी किंवा नववी करून परत नववी करणारे माझ्या वर्गात कितीतरी होते, त्यातले निम्मे आइस हॉकीचे.

आता वर्गाबद्दल. एका लंबगोल टेबलाभोवती बारा मुलं आणि तेरावे शिक्षक. एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकाने १९३० मध्ये एक्सेटरला मोठी देणगी दिली, त्यातून ही टेबलाची पद्धत रुजली आणि इतर शाळांनीही उचलली. शिक्षक शिकवत नाहीत, निदान आपल्या अर्थाने नाही. आदल्या रात्री वाचून यायचं आणि मुलांनीच बोलायचं. मी ठाण्यात पहिल्या पाचात असायचे. इथे पहिले तीन आठवडे मी एक शब्द बोलले नाही. बोलायच्या आधी मनात वाक्य मराठीतून इंग्रजीत आणायचे, व्याकरण तपासायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

इतिहासाचे शिक्षक एक कागद ठेवायचे. त्यावर टेबलाचं चित्र, भोवती प्रत्येकाच्या नावाचा ठिपका. कोण बोललं, त्यावर कोण बोललं, तशा रेघा ओढत जायचे. तास संपेस्तोवर कोळ्याचं जाळं तयार व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तो कागद काही न बोलता माझ्यासमोर सरकवला. माझ्या ठिपक्याला एकही रेघ नव्हती. अकरा ठिपके गुंतलेले आणि एक मोकळा. आमच्या शाळेतल्या बाईंनी छडी मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

पुढच्या तासाला विषय होता अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या १७८७ च्या परिषदेतली तीन-पंचमांश तडजोड: संसदेतल्या जागा ठरवायला राज्याची लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस तीन-पंचमांश धरायचा. आकडे आले की मला धीर येतो. मी म्हटलं, "म्हणजे मालकाच्या राज्याच्या जागा वाढवायला तो तीन-पंचमांश, आणि स्वतः मत द्यायला शून्य?" टेबलापलीकडच्या मुलीने लगेच त्यावर उत्तर दिलं, तिला दुसऱ्याने खोडलं. तास संपल्यावर मी वाकून कागद बघितला. तीन रेघा. तो कागद मी मागून घेतला, अजून आहे.

हे एवढ्या तपशिलात सांगते कारण या शाळांत पैसे मोजून जे मिळतं ते हेच: मोठ्या माणसांचा वेळ. वर्गशिक्षकासारखा एक सल्लागार शिक्षक, त्याच्याकडे पाच-सहाच मुलं. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाचे ठरलेले मोकळे तास, जाऊन बसा, निबंध ओळीओळीने तपासून घ्या. कॉलेजसाठीची समुपदेशक, आमच्या वेळी तिच्याकडे पस्तीसेक मुलं. सरकारी शाळांत हाच आकडा शेकड्यांत जातो. पण हा वेळ आपणहून कुणी ताटात वाढत नाही, मागावा लागतो. आणि मागणं हीच आपल्या मुलांची अडचण. ठाण्यात मी स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून "बाई, आत येऊ का?" म्हणायचे, तेही वह्यांचा गठ्ठा ठेवायला. शिक्षकांकडे आपणहून जाणं म्हणजे एकतर तक्रार, नाहीतर लाडीगोडी. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत मी एकाही मोकळ्या तासाला गेले नाही. पहिल्या निबंधाला सी मिळाला, दुसऱ्यालाही सी, आणि मी घरी येऊन मुकाट्याने जास्त अभ्यास करत होते. माझ्या शेजारची मुलगी प्रत्येक निबंध दोनदा दाखवून आणायची. मला ती आगाऊ वाटायची! नवीन जाणाऱ्याला माझा एकच सल्ला असेल तर तो हा, की दुसऱ्या आठवड्याच्या आत प्रत्येक शिक्षकाकडे एकदा जाऊन या. प्रश्न नसेल तर तयार करा.

बाकी दिवस कसा जायचा? आठ ते तीन वर्ग, काही शनिवारी सकाळीही. मग सक्तीचे खेळ. मी खो-खोवाली, म्हणून मला लांब पळायच्या संघात घातलं; खो-खोत नऊ मिनिटांचा डाव असतो, इथे पाच किलोमीटर रान तुडवायचं. मी चारही वर्षं शेवटून तिसरी आले आणि मला त्याची अजिबात खंत नाही. मग जेवण, आठवड्यातून एकदा ब्लेझर घालून शिक्षकांबरोबर टेबलावर. ब्लेझर नवीन घेऊ नका, पालक संघाच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत दहा डॉलरला मिळतो. रात्री साडेआठला बाबा गाडी घेऊन पार्किंगमध्ये थांबलेले असत, मांडीवर लॅपटॉप आणि बाजूच्या सीटवर आईने दिलेला स्टीलचा डबा. डे स्टुडंटची खरी किंमत पालक अशी मोजतात. मुलाच्या बाजूने सांगायचं तर रात्रीच्या वसतिगृहातल्या गप्पा, ज्यांत दोस्त्या होतात, त्या तुम्हाला मिळत नाहीत.

कॉलेजच्या यादीबद्दल जरा कडवट बोलते. प्रत्येक शाळा आपली मुलं कुठे गेली याची चकचकीत यादी छापते आणि आपले पालक ती बारावीच्या मेरिट लिस्टसारखी वाचतात. त्या यादीत रोइंग आणि स्क्वॉशसाठी हेरलेले खेळाडू असतात, आई-वडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असलेली मुलं असतात. ती वगळून काय उरतं ते कुणी छापत नाही. तुम्ही लेक्सिंग्टनसारख्या चांगल्या सरकारी शाळांच्या गावात राहत असाल, जिथे निम्म्या देशी घरांनी शाळा बघूनच घर घेतलंय, तर प्रेप स्कूलचा विचार दहा वेळा करा. मुलगा वर्गात आपणहून बोलणारा असेल तर तिथल्या सरकारी शाळेतही तो चमकेल.

आणि व्हिसा. हे मला कुणीच वेळेवर सांगितलं नाही. शाळेची मदत शाळेच्या स्वतःच्या तिजोरीतून येते, त्यामुळे माझ्या एच-फोरमुळे, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांना मिळणाऱ्या व्हिसामुळे, तिथे काही अडलं नाही. कॉलेजला मात्र एच-फोरवरच्या मुलाला केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि पुष्कळ कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभं करतात, मग तो इथे पाच वर्षं राहिलेला का असेना. अकरावीच्या मार्चमध्ये मी समुपदेशकाला सहज विचारलं तेव्हा तिच्याही लक्षात आलं. माझी यादी अर्धी खोडावी लागली. तुमचं ग्रीन कार्ड रांगेत असेल तर हा प्रश्न नववीतच विचारा. भारतातून थेट मुलाला पाठवायचा विचार असेल तर उलट बाजू लक्षात घ्या: एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने शिकता येतं, तेही पूर्ण खर्च भरून. खाजगी शाळेला ही मर्यादा नाही.

मी दहावीत असताना आईची नोकरी गेली. मदतीचं पत्र त्याआधीच आलं होतं, आकडा जुन्या पगारांवर धरलेला. बाबा म्हणाले, "त्यांनी ठरवलंय ते ठरवलंय, आता घासाघीस करायची म्हणजे लाज आहे." बाबा भाजीवाल्याशीही भाव करत नाहीत. तोवर मी दीड वर्ष त्या टेबलाशी काढलं होतं. मी म्हटलं, "ते फेरविचार करतात बाबा. पण आपण गेल्याशिवाय त्यांना कळणार कसं?" एका गुरुवारी आम्ही दोघं मदत कार्यालयात गेलो. बाबांनी घरखर्च हाताने लिहून आणला होता, घराचं भाडं, गाडीचा हप्ता, आजीला पाठवायचे पैसे, एकाखाली एक. दारापाशी आल्यावर ते थांबले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी बोटाने हलकेच टकटक केली.

वीस मिनिटांनी आम्ही गाडीत येऊन बसलो. "विचारलं," बाबा म्हणाले, "ती बाई म्हणाली, बरं झालं आलात." किल्ली हातात धरून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले, गाडी सुरू करायचं विसरूनच गेले.