सांगलीत मुलींचा फुटबॉल संघ उभा करायचा तर

मुलांचा सराव चालू असतो, कडेला दोन-तीन बहिणी बसलेल्या असतात आणि कुणीतरी म्हणतं, "यांनाही घ्या की." बहुतेक क्लबांत मुलींचा संघ असाच सुरू होतो आणि दोन महिन्यांत विरतो, कारण त्यांच्या वाट्याला मुलांचा उरलेला वेळ, उरलेलं मैदान आणि झिजलेले चेंडू येतात. म्हणून आधी क्लबच्या बैठकीत ठराव करून घ्या: आठवड्यातले तीन दिवस, ठरलेली वेळ, अर्धं मैदान मुलींचं. मुलांची मॅच आली तरी ती वेळ हलणार नाही. हे कागदावर नसेल तर पहिल्याच स्पर्धेच्या धामधुमीत मुलींचा सराव रद्द होतो, आणि दोनदा हेलपाटा पडलेली मुलगी तिसऱ्यांदा येत नाही.

सुरुवात जूनमध्ये करू नका. कृष्णाकाठची काळी माती पावसात बूट ओढून घेते, आणि मैदान वाळेपर्यंत नवरात्र, सहामाही परीक्षा आणि दिवाळी येते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे तीन-साडेतीन महिने सगळ्यात चांगले. पुढे काळी माती भेगाळते आणि घोटे मुरगळतात, त्यामुळे भेगांत बारीक मुरूम भरून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. मुरमाचं मैदान मिळत असेल तर तेच घ्या, फक्त दर आठवड्याला खडे आणि काचा वेचा.

मुली कुठून आणायच्या? सहा शाळांतून तीन-तीन गोळा करण्याचा मोह होतो. तसं केलंत तर शालेय स्पर्धेत त्या एकत्र खेळूच शकत नाहीत. सुब्रतो कपमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे, पण तिथे संघ शाळेचा लागतो, क्लबचा चालत नाही. त्यामुळे एक किंवा दोन शाळा पायाला धरा, पीटीच्या बाईंना बरोबर घ्या आणि मुख्याध्यापकांचं पत्र मिळवा. या शालेय फेऱ्या पावसाळ्यातच येतात, म्हणजे आदल्या हिवाळ्यात उभा राहिलेला संघच तिथे उतरू शकतो. क्लब म्हणून खेळायचं असेल तर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या (महाराष्ट्राची राज्य संघटना) चौकटीत, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर खेळाडूंची नोंदणी करावी लागते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड यांत नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. स्पेलिंगमधली एका अक्षराची चूक स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुरुस्त होत नाही.

निवड चाचणी घेऊ नका. सुरुवातीला निवडण्याजोगं काही नसतंच, आणि नापास झालेली मुलगी मैत्रिणीलाही घेऊन जाते. २२ ते २४ नावं लिहून घ्या, नियमित १५-१६ टिकतील. खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुली आवर्जून बोलवा. सांगली जिल्ह्यात त्यांची वानवा नाही. खो-खोवाली खाली वाकून झटक्यात वळते, कबड्डीवाली अंगावर येणाऱ्या खेळाडूला बिचकत नाही. या दोन गोष्टी शिकवायला एरवी वर्ष जातं. वयाचे दोन गट ठेवा, १० ते १२ आणि १३ ते १६. सराव शेजारी-शेजारी चालेल, पण मॅचमध्ये दहा वर्षांच्या मुलीसमोर पंधरा वर्षांची मुलगी नको.

पालकांच्या बैठकीला आईला बोलवा. "खेळाचे फायदे" यावर भाषण नको. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते इतकंच: मैदानावर बाईमाणूस कोण असेल, मुलगी घरी किती वाजता पोचेल, कपडे कसले, आणि अभ्यासाचं काय. स्मृती मानधना सांगलीत वाढली हे घरोघरी माहीत आहे, पण तिचं नाव घेऊन मोठी आश्वासनं देऊ नका. सवलतीचे गुण आणि नोकरीतलं आरक्षण खरं असलं तरी ते ठरावीक पातळीवर खेळल्यावरच मिळतं, हेही सांगा.

वेळ ठरवताना शाळेची पाळी आणि एसटी पाहा. डिसेंबरात सहालाच अंधारून येतं. सकाळची शाळा असेल तर साडेचार ते पावणेसहा, दुपारची असेल तर सकाळी सात ते सव्वाआठ. पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा एसटीचा पास मोफत असतो, त्यामुळे शाळेजवळचं मैदान निवडलं की तिकिटाचा खर्च वाचतो. शेवटच्या सोयीच्या गाडीच्या वीस मिनिटं आधी सराव संपलाच पाहिजे.

प्रत्येक सरावाला किमान दोन प्रौढ हवेत, त्यातली एक महिला. एकट्या मुलीला गाडीवर सोडायला एकट्या पुरुष प्रशिक्षकाने जायचं नाही, आणि मुलींना वैयक्तिक मेसेज पाठवायचे नाहीत, निरोप पालकांच्या ग्रुपवर. स्वच्छतागृह मैदानापासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर हवं: कडी लागणारं, पाणी आणि झाकणाचा डबा असलेलं. हे नसेल तर मुली पाणी पिणं टाळतात, पाळीच्या दिवसांत घरी राहतात, आणि प्रशिक्षकाला वाटतं त्यांना खेळात रस नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा. शॉर्ट्स गडद रंगाच्या घ्या, पांढऱ्या नको.

कपड्यांवरून बरीच घरं अडतात, तिथे नियम आपल्या बाजूने आहेत. शॉर्ट्सखाली लेगिंग्ज चालतात, रंग शॉर्ट्सचाच हवा आणि संघात सगळ्यांचा एकच. डोक्याला स्कार्फ चालतो: काळा किंवा जर्सीच्या रंगाचा, जर्सीला न जोडलेला, टाचणीशिवाय. मिरजेतल्या कितीतरी मुलींचा प्रश्न यानेच सुटतो. दागिने मात्र अजिबात नाहीत. चमकी, कानातले, बांगड्या, पैंजण सगळं उतरवायचं, चिकटपट्टी लावून झाकलेलंही चालत नाही. नाक-कान टोचायचे असतील तर सुट्टीत टोचा, असं आधीच सांगा.

सामानात १६ मुलींमागे निदान ८ चेंडू घ्या, १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचे, पुढे ५ नंबरचे. दोन रंगांचे ८-८ बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायची बनियनं), ४० मार्कर (खुणेला ठेवायच्या प्लास्टिकच्या चकत्या), पंप आणि चार सुया. सुई ओली करून घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह जातो. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, प्रत्येकीला. कडक मैदानावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घेऊ नका, ते टेकत नाहीत आणि टाच दुखते. बारीक रबरी स्टड पुरेत, आणि पहिले दोन महिने साधे कॅनव्हासही चालतील. आखणीला फक्की वापरा, चुना नको, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. हलते गोलपोस्ट मागून वाळूच्या पोत्यांनी दाबल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. पोस्ट अंगावर पडून मुलं दगावलेली आहेत.

सरावाची ७५ मिनिटं. पहिली १५ वॉर्मअप, आणि हा भाग कधीच गाळू नका. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे, आणि तो बहुधा धक्क्याशिवायच, उडी मारून उतरताना किंवा झटक्यात वळताना तुटतो. एका पायावर तोल, स्क्वॉट, आणि उडीनंतर गुडघे आत न झुकवता मऊ उतरणं रोज करून घ्या. १४ वर्षांपासून पुढे 'फिफा ११+' हा वॉर्मअपचा तयार कार्यक्रम आहे, लहानांसाठी त्याचीच वेगळी आवृत्ती आहे.

पुढची २५ मिनिटं चेंडू पायात. रांगा लावू नका. सोळा मुली आणि एक चेंडू असला की प्रत्येकीला मिनिटाला एक स्पर्श मिळत नाही. नवख्या मुली बुटाच्या टोकाने मारतात आणि चेंडू कुठेही जातो. टेकलेला पाय चेंडूपासून वीतभर अंतरावर, घोटा घट्ट, पायाच्या आतल्या बाजूने मार. ज्या तोंड फिरवतात त्यांच्यासाठी चेंडूत हवा थोडी कमी ठेवा, भीती आठवडाभरात जाते. १२ वर्षांखाली हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सराव नको. उरलेला वेळ चार विरुद्ध चार, ३० बाय २० मीटर, गोलकीपर नाही, मार्करचे दोन-दोन मीटरचे गोल. एकाच वेळी दोन मैदानं लावली की कुणी बसून राहत नाही.

सरावानंतर केळं, फुटाणे किंवा शेंगदाण्याची चिक्की द्या. जी मुलगी दहा मिनिटांत धापा टाकते तिला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा, आणि शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच खाते का, हे विचारा. गुडघ्यात "कट्" असा आवाज होऊन लगेच सूज आली तर तालमीतली मालिश नको. बर्फ, आधाराची पट्टी आणि त्याच दिवशी मिरजेत हाडांच्या डॉक्टरांकडे.

पहिली मॅच तिसऱ्या महिन्यात, सात-सातची, पंधरा मिनिटांचे दोन हाफ, आणि आपल्याच क्लबातल्या दोन वर्षांनी लहान मुलांशी किंवा शेजारच्या शाळेतल्या तितक्याच नवख्या मुलींशी. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथलं फुटबॉल पाहायला संघाला जरूर न्या, पण पहिल्या हंगामात तिथल्या मुरलेल्या संघाशी स्पर्धेची मॅच ठरवू नका. बारा-शून्य झालं की घरचे म्हणतात, "बस झालं आता." अकरा-अकराच्या मॅचला मैदानात किमान सात खेळाडू लागतात. परीक्षा, लग्न, आजारपण धरून १६ जणी नोंदवल्या असतील तरच प्रवेश अर्ज भरा. पहिल्या मॅचमध्ये आलेल्या प्रत्येकीला खेळवा, आणि गोलकीपर हाफटाइमला बदला.